आफ्रिकेतले मिशनरी आणि वसाहतींची सत्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांचा विषय निघाला की मराठीत बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ते साम्राज्याने पुढे धाडलेले हेर होते. दुसरा म्हणतो, त्यांनी शाळा-दवाखाने काढले म्हणून आफ्रिका सुधारली. दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणाऱ्यांना लोबेंगुला, खामा, चिलेंब्वे ही नावं सहसा ठाऊक नसतात, आणि मला खटकतं ते हेच. ज्यांच्या जमिनीवर हे सगळं घडलं ती माणसंच चर्चेतून गायब असतात. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे तपशीलातच सगळं आहे.

आधी मिशनरी आले की आधी सत्ता?

जागा बदलली की उत्तर बदलतं. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकात, अक्सुमचा राजा एझाना याच्या काळात रुजला. युरोपाशी त्याचा काही संबंध नव्हता. पश्चिमेला कोंगोच्या राजाने १४९१ मध्ये पोर्तुगीज पाद्र्यांकडून बाप्तिस्मा घेतला, तोही बरोबरीच्या नात्याने. त्याचा मुलगा अफोन्सो पहिला मनापासून ख्रिस्ती होता. त्यानेच १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं की तुमचे व्यापारी आमची माणसं, अगदी सरदारांच्या घरातली मुलंसुद्धा, पकडून नेताहेत, हे थांबवा. थांबलं नाही.

एकोणिसाव्या शतकात बऱ्याच ठिकाणी मिशनरी आधी पोचले. लंडन मिशनरी सोसायटीचा रॉबर्ट मोफॅट १८२० च्या दशकात आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कुरुमानला स्थिरावला आणि तिथल्याच छापखान्यातून १८५७ पर्यंत त्याने सेत्स्वाना भाषेतलं संपूर्ण बायबल बाहेर काढलं. त्या मुलखावर ब्रिटिश अंमल आला १८८५ मध्ये. आफ्रिकेवरच्या हक्कांचे नियम ठरवायला युरोपीय सत्तांनी भरवलेल्या आणि त्याच वर्षी संपलेल्या बर्लिन परिषदेच्या कराराचं सहावं कलम वाचण्यासारखं आहे. मिशनरी, शास्त्रज्ञ आणि संशोधक प्रवासी यांना सह्या करणाऱ्या सत्तांनी खास संरक्षण द्यावं, असं त्यात नमूद आहे. परिषदेला एकाही आफ्रिकी राजाला बोलावलं नव्हतं.

मग मिशनरी सरकारचे पगारी हस्तक होते का?

पगारी बहुतेक नव्हते. मिशनचा खर्च मायदेशातल्या मंडळींच्या वर्गणीतून चाले. सरकारी अनुदानं मुख्यतः पुढे शाळांसाठी आली. शिवाय सत्तेला ते नेहमी हवेच होते असंही नाही. उत्तर नायजेरियात तिथला ब्रिटिश उच्चायुक्त लुगार्ड याने १९०३ मध्ये मुस्लिम अमीरांना धर्मात ढवळाढवळ करणार नाही असा शब्द दिला आणि त्यानंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांनीच मिशनऱ्यांना तिथून बराच काळ लांब ठेवलं. उत्तर सुदानातही तेच. मादागास्करमध्ये फ्रेंच गव्हर्नर ओगान्यर याने तर मिशनच्या शाळाच मोठ्या संख्येने बंद पाडल्या.

पण हस्तक नसणं म्हणजे अलिप्त असणंही नव्हे. मिशनऱ्याला वाट सुरक्षित हवी, जमीन हवी, राजाची परवानगी हवी आणि ती राजाने नाकारली तर कुणाचा तरी आधार हवा. हा आधार कोण देतो यावर पुढचं सगळं ठरत गेलं. माझ्या मते कुठल्याही मिशनऱ्याबद्दल पहिला प्रश्न तो चांगला होता का, हा नसावा. तो कुणाच्या भरवशावर तिथे राहत होता, हे आधी पाहावं.

लोबेंगुला प्रकरण काय होतं? त्यात मिशनऱ्याचा दोष किती?

लोबेंगुला हा एन्देबेले लोकांचा राजा, आजच्या झिंबाब्वेच्या पश्चिम भागातला. त्याच्या मुलखात लंडन मिशनरी सोसायटीने १८५९ पासून इन्याटीला ठाणं मांडलं होतं. १८७० मध्ये बुलावायोजवळ होप फाउंटनची जागा खुद्द लोबेंगुलाने दिली. तीस वर्षांत धर्मांतरं जवळजवळ झालीच नाहीत. जो बाटेल तो राजाच्या फौजेतून आणि समाजातून तुटणार, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. हळूहळू मिशनऱ्यांचं मत बनत गेलं की ही राजसत्ता मोडल्याशिवाय इथे धर्माला वाट नाही.

१८८८ च्या फेब्रुवारीत राजाने ब्रिटिशांशी एक मैत्रीचा तह केला. तो करवून घेणारा जॉन स्मिथ मोफॅट, कुरुमानच्या रॉबर्ट मोफॅटचा मुलगा, आधी मिशनरी आणि मग सरकारी अधिकारी. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतला खाणमालक सेसिल ऱ्होड्स याची माणसं खाणींचा हक्क मागायला आली: रड, मॅग्वायर आणि थॉम्पसन. राजाला लिहिता-वाचता येत नव्हतं. विश्वासू दुभाषा म्हणून होप फाउंटनचे पाद्री चार्ल्स हेल्म यांना बोलावलं गेलं. ३० ऑक्टोबर १८८८ ला राजाने त्या कागदावर आपली खूण केली. मोबदला: दरमहा १०० पौंड, १००० मार्टिनी-हेन्री रायफली, एक लाख काडतुसं, शिवाय झांबेझी नदीवर एक तोफनौका किंवा तिच्याऐवजी ५०० पौंड. बदल्यात राज्यातल्या सगळ्या धातू-खनिजांचा पूर्ण आणि एकट्याचा हक्क, आणि ती मिळवायला जे जे आवश्यक वाटेल ते करण्याची मुभा.

तोंडी काय ठरलं होतं ते हेल्म यांनीच नंतर लिहून ठेवलं आहे: दहापेक्षा जास्त गोरे खाणकामाला आणणार नाही, गावांजवळ खणणार नाही, आलेली माणसं राजाच्या कायद्याने वागतील. यातलं एकही वचन कागदावर नव्हतं, आणि हे हेल्म यांना माहीत होतं. राजाला कागदाचा खरा अर्थ समजला तेव्हा त्याने करार नाकारला आणि व्हिक्टोरिया राणीकडे आपले दोन दूत लंडनला धाडले. उपयोग झाला नाही. १८८९ मध्ये ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला सनद मिळाली, १८९० मध्ये तिची तुकडी उत्तरेला घुसली, १८९३ मध्ये मॅक्सिम मशीनगनांपुढे एन्देबेले फौज हरली.

हेल्म लाचखाऊ होते असं म्हणायची मला गरज वाटत नाही. ज्या राजाने घर बांधायला जागा दिली तो त्यांच्या जिभेवर विसंबला होता, आणि जे बोललं गेलं ते लिहून घ्या एवढा आग्रहही त्यांनी धरला नाही. माझ्या लेखी दोष एवढा पुरेसा आहे.

मिशनऱ्यांनी आफ्रिकनांच्या बाजूने उभं राहिल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि ती लपवली तर तोही अन्यायच. त्याच लंडन मिशनरी सोसायटीचा जॉन फिलिप दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश केप वसाहतीत तिथल्या मूळच्या खोई लोकांच्या वेठीविरुद्ध झगडला; १८२८ च्या ५० व्या अध्यादेशाने खोईंना कायद्यापुढे गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क मिळाले त्यात त्याचा मोठा वाटा होता.

आजच्या बोट्स्वानातला राजा खामा तिसरा हा स्वतः ख्रिस्ती. ऱ्होड्सच्या कंपनीला आपला मुलूख जोडला जाणार हे कळताच १८९५ मध्ये तो, सेबेले आणि बाथोएन असे तीन राजे लंडनला गेले. सोबत मिशनरी विलोबी. वसाहतमंत्री चेंबरलेन टाळाटाळ करत होता, तेव्हा मिशनच्या ओळखींवर या राजांनी इंग्लंडभर गावोगावच्या चर्चांत आणि सभांत भाषणं केली. दारूबंदीवाले, चर्चवाले, सामान्य लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि बहुतांश मुलूख कंपनीच्या घशातून वाचला. खामाने मिशनचं जाळं आपल्या कामासाठी किती हुशारीने वापरलं ते यात दिसतं. लोबेंगुलाचा शेजारी, तीच मिशन संस्था, निकाल मात्र उलटा.

युगांडात धर्म आणि राजकारण इतकं का गुंतलं?

कारण तिथल्या बुगांडा राज्याच्या एकाच दरबारात तीन धर्म एकमेकांशी स्पर्धा करत होते. अरब व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम आधीच होता. १८७७ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे इंग्रज प्रॉटेस्टंट आले, १८७९ मध्ये फ्रेंच कॅथलिक 'व्हाइट फादर्स'. राजा म्वांगाने १८८५ ते १८८७ या काळात आपल्याच दरबारातल्या अनेक तरुण ख्रिस्ती सेवकांना ठार मारलं, कित्येकांना जिवंत जाळलं. पुढे ख्रिस्ती गटांतच फूट पडली. जानेवारी १८९२ मध्ये राजधानी मेंगोला प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक भिडले तेव्हा इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या वतीने आलेल्या याच लुगार्डने प्रॉटेस्टंटांना बंदुका पुरवल्या आणि मॅक्सिम मशीनगन चालवली. कंपनीकडचा पैसा संपून ती परत निघाली होती. तिला थांबवायला चर्च मिशनरी सोसायटीच्या पाठीराख्यांनी इंग्लंडात वर्गणी गोळा केली. १८९४ मध्ये तिथे ब्रिटिश संरक्षित राज्य जाहीर झालं. इथे चर्चने साम्राज्याला अक्षरशः पदर धरून आत ओढलं.

काँगोतल्या अत्याचारांबद्दल मिशनरी गप्प राहिले, हे खरं का?

सुरुवातीला बरेचसे गप्प राहिले. काँगो हा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याचा खासगी मुलूख होता. नवं ठाणं काढायला जमीन त्याच्याच अधिकाऱ्यांकडून मिळायची. तक्रार केली की ती अडायची.

रबर गोळा करण्याची सक्ती कंपन्यांचे बंदूकधारी पहारेकरी करत. त्यांना झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागे आणि पुरावा म्हणून तोडलेला हात दाखवावा लागे. १८९९ मध्ये कसाई भागात विल्यम शेपर्ड हा अमेरिकेतला कृष्णवर्णी प्रेस्बिटेरियन मिशनरी एका छावणीत पोचला. तिथे धुरावर वाळवत ठेवलेले उजवे हात त्याने मोजले. ८१ भरले. त्याने ते लिहून बाहेर पाठवलं. नंतरच्या लिखाणाबद्दल कसाई कंपनीने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. १९०९ मध्ये तो निर्दोष सुटला.

१९०४ च्या मे महिन्यात बारिंगाच्या मिशन ठाण्यावर न्साला नावाचा एक माणूस पानांत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. आत त्याच्या लहान मुलीचा हात आणि पाऊल होतं. रबर कमी भरलं म्हणून पहारेकऱ्यांनी तिला मारलं होतं. अ‍ॅलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईने त्याला व्हरांड्यात बसवलं, समोर ते अवशेष ठेवले आणि फोटो काढला. तो फोटो पाहवत नाही. न्साला रडत नाही, कॅमेऱ्याकडे पाहत नाही. नुसता बाजूला बसून त्या दोन तुकड्यांकडे बघतो आहे. हे फोटो काचेच्या पट्ट्यांवर उतरवून अ‍ॅलिस आणि तिचा नवरा जॉन यांनी ब्रिटन-अमेरिकेत मोठमोठ्या सभांत पडद्यावर दाखवले. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. तो गेला मात्र बेल्जियम सरकारच्या हाती, काँगोच्या लोकांच्या नव्हे, आणि बहुतेक सुधारकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

बेल्जियन कॅथलिक मिशनांची वाट वेगळी होती. त्यांच्या वस्त्यांत 'अनाथ' म्हणून ठेवलेली कित्येक मुलं अनाथ नव्हतीच, यावर १९०५ च्या चौकशी अहवालात टीका आहे. १९०६ मध्ये व्हॅटिकनशी करार होऊन या मिशनांना जमिनी फुकट मिळाल्या आणि शिक्षणात सरकारशी थेट भागीदारी झाली.

जर्मन वसाहतींत काय झालं?

आजच्या नामिबियात हेरेरो लोकांनी जानेवारी १९०४ मध्ये उठाव केला. त्यांच्या नेत्याने, सॅम्युएल माहारेरोने, मिशनऱ्यांना हात लावू नका असा हुकूम काढला होता. ऑक्टोबरमध्ये जनरल फॉन ट्रोथाने संपूर्ण समूहाच्या नायनाटाचा आदेश दिला. तो मागे घेतल्यावर वाळवंटात लपलेल्या, उपाशी लोकांना बाहेर काढण्याचं काम सरकारने ऱ्हेनिश मिशन या जर्मन प्रॉटेस्टंट संस्थेवर सोपवलं. लोकांचा पाद्र्यांवर विश्वास होता, म्हणून हजारो जण आले. मिशनच्या संकलन ठाण्यांवरून त्यांची रवानगी स्वाकोपमुंड, ल्यूडेरिट्झ इथल्या श्रमछावण्यांत झाली, जिथे ते थंडीने, उपासमारीने आणि कामाच्या ओझ्याने मेले. भूक भागवणारे आणि छावणीकडे धाडणारे हात तेच होते. या सगळ्या विषयात मला सर्वांत जड जाणारं पान हे आहे.

पण शाळा आणि दवाखाने तर त्यांनीच काढले ना?

हो. ब्रिटिश आफ्रिकेत कित्येक दशकं बहुतेक शाळा मिशनच्याच होत्या, कारण सरकारला ते स्वस्तात पडायचं. जॉन दुबे, अल्बर्ट लुथुली, नेल्सन मंडेला, जोमो केन्याटा हे आफ्रिकी हक्कांसाठी लढणारे नेते सगळे मिशनच्या शाळांतून शिकले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने १९५३ मध्ये बांटू शिक्षण कायदा करून या शाळा ताब्यात घेतल्या, त्या यामुळेच.

पण शाळेची किंमतही वसूल व्हायची. नाव बदला, नाच सोडा, लग्नाच्या रीती सोडा. केनियात १९२९ मध्ये स्कॉटिश मिशनने मुलींच्या सुंतेविरुद्ध शपथ घ्या नाहीतर बाहेर व्हा असं फर्मावलं. प्रथा वाईट होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जमिनी आधीच गोऱ्यांनी घेतलेल्या, आणि आता घरातलंही तेच ठरवणार, असं तिथल्या किकुयू लोकांना वाटलं. हजारो कुटुंबं बाहेर पडली आणि त्यांनी स्वतःच्या स्वतंत्र शाळा उभ्या केल्या. शिक्षण हवं होतं, मिशनची हुकमत नको होती.

नाशिकचा यात काय संबंध?

फार जवळचा, आणि शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांनाही तो क्वचितच माहीत असतो. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदल गुलामांची गलबतं पकडायचं आणि सुटलेल्या मुलांना मुंबईत उतरवायचं. त्यातल्या अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला वसवलं. तिथे त्यांना लिहिणं-वाचणं, सुतारकी, लोहारकाम शिकवलं जाई. या 'नाशिक बॉइज'पैकी काहींना स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने १८६५ मध्ये आफ्रिकेच्या मोहिमेवर नेलं. नंतर पाठवलेल्या तुकडीत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ च्या सुमारास चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा अंत्यप्रार्थना जेकबने वाचली आणि झाडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. त्याने, मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिलेल्या चुमाने, सुसीने आणि लिव्हिंग्स्टनच्या इतर साथीदारांनी तो देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता.

मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या खटपटीनंतर १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ त्यांच्याच नावाची फ्रिअरटाउन वसाहत उभी राहिली. ती उभारणारे पाद्री प्राइस आधी शरणपूरला होते. तिथले आणि जवळच्या रबाई ठाण्याचे पहिले शिक्षक, धर्मोपदेशक म्हणून नाशिक-मुंबईतले हे आफ्रिकन गेले. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला तेव्हा उरलेला तांडा किनाऱ्याला परत आणणारा विल्यम जोन्स हाही यांच्यातलाच. मिशनच्या इतिहासात मात्र ही मंडळी बरीच वर्षं 'मदतनीस' म्हणूनच नोंदली गेली.

आणि गोवा?

गोवा तर पूर्व आफ्रिकेतल्या पोर्तुगीज मिशनांचं मुख्यालयच होतं. गोव्याचा माजी जेझुइट प्रांतप्रमुख गोन्सालो दा सिल्वेरा १५६० मध्ये तिथून निघाला, आजच्या झिंबाब्वे-मोझांबिक भागातल्या मुतापाच्या राजाला त्याने बाप्तिस्मा दिला आणि १५६१ च्या मार्चमध्ये दरबारातल्या कारस्थानात त्याचा गळा आवळला गेला. त्याच्या खुनाचा बदला, आणि सोन्याच्या खाणी, अशा दुहेरी हेतूने पोर्तुगालने मोहीम काढली. तिचा सेनापती फ्रान्सिस्को बारेतो, गोव्याचा माजी गव्हर्नर. मोहीम रोगराईने आणि लढायांनी खचली. पाद्र्याचं मरण आणि सोन्याची हाव एकाच जहाजात बसवायची ही रीत तीनशे वर्षांनंतरही बदलली नव्हती.

आफ्रिकी ख्रिस्ती स्वतः काय करत होते?

बहुतेक काम तेच करत होते. सॅम्युएल अजायी क्राउदर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, ब्रिटिश नौदलाने सोडवला आणि १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. योरुबा बायबल त्याच्या देखरेखीखाली झालं. १८९० च्या सुमारास तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी त्याच्या सहकाऱ्यांवर ठपके ठेवून त्याचे अधिकार पोखरले. १८९१ अखेरीस तो वारला आणि त्याच्या जागी गोरा बिशप नेमला गेला.

अशा अनुभवांतूनच स्वतंत्र चर्चं निघाली. न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, पास्टर जॉन चिलेंब्वेने मळ्यांवरची सक्तमजुरी आणि पहिल्या महायुद्धात ओढले जाणारे आफ्रिकी शिपाई यांविरुद्ध जानेवारी १९१५ मध्ये उठाव केला. ज्या मागोमेरो मळ्यापासून ठिणगी पडली तो लिव्हिंग्स्टनच्या नातवाच्या मालकीचा होता. चिलेंब्वे ३ फेब्रुवारीला मारला गेला. बेल्जियन काँगोत सायमन किंबांगूने १९२१ मध्ये काही महिने प्रवचन केलं, रोग्यांवर हात ठेवला, आणि त्याबद्दल मरेपर्यंत, १९५१ पर्यंत, तो तुरुंगात राहिला. त्याचं चर्च १९६९ मध्ये जागतिक चर्च परिषदेत सामील झालं.

'ते आले तेव्हा त्यांच्या हाती बायबल आणि आमच्या हाती जमीन होती' हे कुणाचं वाक्य?

वाक्याचा शेवट असा: आता बायबल आमच्या हाती आणि जमीन त्यांच्या. केन्याटा आणि दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू या दोघांच्याही नावावर ते सांगितलं जातं. टुटू ते सभांत सांगत असत. झिंबाब्वेपुरतं ते शब्दशः लागू आहे: ऱ्होड्सच्या कंपनीने मिशनांना हजारो एकर दिली आणि त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक मिशनचे कूळ झाले.

चर्चने कधी माफी मागितली का?

काहींनी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८५ मध्ये कॅमेरूनमध्ये गुलामांच्या व्यापारातल्या ख्रिस्ती लोकांच्या सहभागाबद्दल आफ्रिकनांची क्षमा मागितली. १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रुस्टेनबर्गला डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मपंडित विली योंकर यांनी वर्णभेदाच्या पापाची जाहीर कबुली दिली आणि टुटूंनी उभं राहून ती स्वीकारली. जर्मनीच्या प्रॉटेस्टंट चर्चने हेरेरो आणि त्यांच्यासारखेच भरडले गेलेले नामा लोक यांच्या नरसंहारातल्या आपल्या वाट्याबद्दल २०१७ मध्ये क्षमा मागितली. जर्मन सरकारने २०२१ मध्ये नामिबियाला तीस वर्षांत १.१ अब्ज युरो देण्याची तयारी दाखवली. हेरेरो आणि नामा प्रतिनिधींपैकी अनेकांनी ती नाकारली: वाटाघाटींत आम्हाला धड बसवलं नाही, आणि सर्वाधिक सुपीक जमीन अजूनही गोऱ्या शेतकऱ्यांकडेच आहे, असं त्यांचं म्हणणं आहे.